नेझू संग्रहालय बघायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही तोक्योच्या निशी-कासाई भागात राहतो. मार्चअखेरपासून मेपर्यंत आमच्याकडे पाहुण्यांची रीघ असते. आसाकुसा होतं, स्कायट्रीचा मनोरा होतो, शिबुयाच्या चौकात धक्के खाऊन होतात. मग चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणतंच, "आता काहीतरी शांत दाखव, जुनं, खरं जपानी." मी त्यांना ओमोतेसांदोजवळच्या नेझू संग्रहालयात घेऊन जाते. जायच्या आधी फोनवर आणि परत येताना गाडीत जे प्रश्न हमखास येतात, ते उत्तरांसकट इथं लिहून ठेवले आहेत. पुढच्या पाहुण्यांना आता फक्त लिंक पाठवायची.

हे संग्रहालय नक्की कशाचं?

जुन्या जपानी आणि पूर्व आशियाई कलेचं. जपानी चित्रं, सुंदर अक्षरातल्या पोथ्या, बौद्ध मूर्ती, लाखकाम, कापड आणि चहाच्या समारंभाची भांडी इथं आहेत. चीनची ब्राँझची भांडी आणि चित्रं आहेत, कोरियाची मातीची भांडी आहेत. एकूण वस्तू ७,००० हून जास्त. त्यातल्या सात जपान सरकारनं 'राष्ट्रीय ठेवा' ठरवलेल्या आहेत. सामुराईंची चिलखतं, गेइशांची चित्रं असं काही डोक्यात असेल तर ते आधीच काढून टाका. इथलं जग देवळातलं, राजदरबारातलं आणि चहाच्या खोलीतलं आहे.

नेझू कोण? एका माणसाकडे एवढं सगळं आलं कुठून?

नेझू काइचिरो, जन्म १८६०, गाव आजच्या यामानाशी प्रांतातलं. १९०५ साली ते डबघाईला आलेल्या तोबू रेल्वेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी ती कंपनी वर काढली. निक्कोला जाताना आसाकुसाहून जी गाडी पकडतात ती याच तोबूची. स्कायट्रीसुद्धा तोबूचाच. म्हणजे आमच्या पाहुण्यांनी नेझूसाहेबांच्या खिशात आधीच बऱ्यापैकी भर घातलेली असते.

एवढं सगळं जमलं त्याला काळही कारण आहे. १८६८ नंतर नव्या सरकारनं शिंतो (जपानचा मूळचा देवधर्म) आणि बौद्ध धर्म वेगळे करायचे हुकूम काढले. ठिकठिकाणी बौद्ध देवळांवर हल्ले झाले, त्यांच्या जमिनी गेल्या, आणि पोटासाठी देवळांना मूर्ती-चित्रं विकावी लागली. जुनी सरंजामी घराणीही खचली होती. पुढच्या काही दशकांत त्यांच्या कोठारांचे लिलाव निघाले. त्याच वेळी रेल्वे, बँका आणि खाणींमधून नवा पैसा आलेल्या लोकांना चहाच्या समारंभाचा नाद लागला होता. चहाला बोलवायचं तर दाखवायला जुना वाडगा हवा, भिंतीवर टांगायला जुनं चित्र हवं. ओसाकाकडच्या हांक्यू रेल्वेचे कोबायाशी इचिझो आणि तोक्योतल्या तोक्यू रेल्वेचे गोतो केइता हेही असेच संग्राहक, दोघांच्या नावामागे आज संग्रहालय आहे. रेल्वेवाल्यांचा हा छंद मला फार गमतीचा वाटतो. दिवसभर मिनिटाचा हिशोब ठेवायचा आणि संध्याकाळी अर्धा तास एका वाडग्याकडे बघत बसायचं.

काइचिरो १९४० साली गेले. मुलानं त्यांच्या इच्छेप्रमाणे संस्था उभी केली आणि १९४१ मध्ये राहत्या जागेतच संग्रहालय उघडलं. मे १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात इमारती आणि बाग जळाली. वस्तू आधीच दुसरीकडे हलवल्या होत्या म्हणून आज आपल्याला दिसतात.

नेझू स्टेशनवर उतरायचं ना?

नाही! चियोदा लाइनवर नेझू नावाचं स्टेशन आहे, तिथं नेझूचं देऊळही आहे, देखणं आहे, पण ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. संग्रहालयाचं नाव माणसावरून आहे, जागेवरून नाही. स्टेशन ओमोतेसांदो.

निशी-कासाईहून तोझाई लाइननं ओतेमाची, तिथं हानझोमोन किंवा चियोदा लाइन. ओमोतेसांदोला ए५ दरवाज्यातून बाहेर पडलात की आठ मिनिटांची सरळ वाट. मात्र ए५ ला जिने आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर सरकत्या जिन्यासाठी बी४ किंवा लिफ्टसाठी बी३ धरा, दोन मिनिटं जास्त चालावं लागेल. वाटेत प्रादाची हिरवट काचेच्या चौकटींची इमारत लागते. तिथं फोटो काढा, आत जाऊन किमती बघू नका, आणि रस्ता संपेपर्यंत चालत राहा. समोर बांबू दिसले की पोचलात.

कधी जावं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो मला सगळ्यात शेवटी, विमानाची तिकिटं काढून झाल्यावर विचारला जातो.

नेझू सोमवारी बंद. सोमवारी सरकारी सुट्टी असेल तर त्या दिवशी उघडं आणि मंगळवारी बंद. वर्षअखेर बंद. इथपर्यंत ठीक आहे. पण एक प्रदर्शन संपून दुसरं मांडेपर्यंतही संग्रहालय पूर्ण बंद असतं, आणि हा काळ दोन-तीन दिवसांचा नसतो. आपल्याकडे संग्रहालयात वस्तू कायमच्या मांडलेल्या असतात, त्यामुळे हे डोक्यात येत नाही. मी पहिल्या वर्षी आईबाबांना घेऊन बुधवारी मोठ्या रुबाबात गेले तर दार बंद. चूक माझीच होती, वेळापत्रक वेबसाइटवर स्वच्छ लिहिलेलं होतं. बाबा म्हणाले, "देव निजलाय वाटतं." शेजघरच म्हणायचं ते.

वस्तू सारख्या बदलतात त्याचं कारण साधं आहे. रेशमावरची आणि कागदावरची चित्रं उजेडानं विटतात. जपानच्या सांस्कृतिक खात्याच्या नियमानुसार राष्ट्रीय ठेवा असलेलं असं चित्र वर्षाकाठी साधारण ६० दिवसांपेक्षा जास्त बाहेर ठेवत नाहीत, नाजूक रंग असतील तर त्याहूनही कमी. उरलेलं वर्ष ते पेटीत, अंधारात असतं. म्हणजे 'नेझूत अमुक चित्र आहे' या वाक्याचा अर्थ 'ते तिथं गेल्यावर दिसेल' असा होत नाही.

तेव्हा आधी वेबसाइट उघडा, तुमच्या तारखांना कोणतं प्रदर्शन आहे ते बघा आणि मग दिवस ठरवा. ओगाता कोरिन या चित्रकाराची पडद्यावरची प्रसिद्ध फुलं (त्यांच्याबद्दल पुढं सांगते) बघायची असतील तर एप्रिलचा मध्य ते मेचा मध्य. एरवी ज्या ऋतूत जाल त्या ऋतूचं संग्रहालय दिसेल, आणि तेही वाईट नसतं.

ती प्रसिद्ध फुलं म्हणजे काय? एका पडद्यासाठी एवढी रांग कशाला?

ओगाता कोरिन (१६५८–१७१६) हा क्योटोतल्या किमोनोच्या मोठ्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रंगवलेली घडीच्या पडद्यांची जोडी म्हणजे 'काकित्सुबाता', आयरिसच्या जातीची पाण्याकाठची निळी फुलं. प्रत्येक पडदा सहा पानांचा, दीड मीटर उंच आणि तीन मीटरहून लांब. आधी ती जोडी क्योटोच्या निशी होंगान-जी देवळात होती. २००४ साली निघालेल्या पाच हजार येनच्या नोटेच्या मागच्या बाजूला हीच फुलं छापलेली. ती नोट अजून कधीमधी हातात येते, आली तर ठेवून द्या आणि पडद्यासमोर जाऊन ताडून बघा.

पडद्यावर आहे काय? सोनेरी वर्ख, निळी फुलं, हिरवी पानं. पाणी नाही, आकाश नाही, माणूस नाही. माझे एक काका बघून म्हणाले होते, "एवढंच?" तर, काका, एवढंच. पण आता जवळ या.

निळा रंग अझुराइट नावाच्या तांब्याच्या खनिजाचा आहे, हिरवा मॅलकाइटचा. दगड कुटून पूड करायची आणि सरसात कालवून लावायची. पूड जाड राहिली तर रंग गडद, बारीक खलली तर फिका. म्हणून फुलाच्या एकाच निळ्यात दोन-तीन निळे दिसतात, आणि रंग इतका दाट बसवलाय की पाकळी पडद्यावर किंचित उठून आलेली वाटते. पाकळ्यांना बाहेरची रेघ नाही. मागं वर्खाचे चौकोनी तुकडे जिथं एकावर एक आलेत तिथं फिकट रेषांची जाळी दिसते. आणि उजव्या पडद्यातले फुलांचे झुपके नीट बघा, काही झुपके पुन्हा तसेच्या तसे आले आहेत. कोरिननं साच्याचा वापर केला असावा असं जाणकार म्हणतात. कापडाच्या दुकानात वाढलेल्या माणसाला ठशांचं वावडं कसलं!

आता गोष्ट. 'इसेच्या कथा' या जुन्या जपानी पुस्तकात राजधानीत मन न लागणारा एक सरदार पूर्वेकडे निघतो. वाटेत यात्सुहाशी नावाची जागा लागते, नदीचे आठ फाटे आणि त्यावर आठ फळ्यांचे पूल. झाडाखाली बसून मंडळी बरोबर आणलेला वाळवलेला भात खायला काढतात. समोर काकित्सुबाता फुललेली. कुणी म्हणतं, या फुलाच्या नावाची पाच अक्षरं ओळींच्या आरंभी घेऊन प्रवासावर कविता कर. तो करतो, आणि कवितेत अंगवळणी पडलेल्या वस्त्रासारखी सवयीची झालेली, मागं राहिलेली बायको येते. ऐकून सगळ्यांची आसवं भातावर पडतात आणि तो भात फुगतो.

कोरिननं यातलं एकही माणूस काढलं नाही, पूलही काढला नाही. बघणाऱ्याला गोष्ट पाठ आहे हे त्यानं धरूनच चाललं. भरल्या मांडवात 'ज्ञानोबा माउली' एवढं म्हटलं की पुढचं लोकच म्हणतात, तसं. घरापासून साडेसहा हजार किलोमीटर लांब राहणाऱ्या मला ती फुलं बघताना भात आठवतो, हे मात्र मी पाहुण्यांना सांगत नाही. पुढं कोरिननं हाच विषय पुलासकट रंगवला. ती जोडी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

एक युक्ती: हे पडदे जमिनीवर बसून बघण्यासाठी केलेले असतात. मागची गर्दी थोडी कमी झाली की जरा खाली वाका. घडी पुढं-मागं होते आणि फुलांची ओळ चालायला लागते. उजवीकडून डावीकडे बघायचं, जपानी लिहिणं जसं चालतं तसं.

तिकीट कसं काढायचं?

वेळ ठरवून ऑनलाइन. प्रदर्शनाप्रमाणे दर बदलतो, दीड हजार येनच्या आसपास धरून चाला. जागा शिल्लक असेल तर दारातही मिळतं, थोडं महाग. पण फुलांच्या दिवसांत त्या भरवशावर राहू नका. वेळ १० ते ५, आत सोडणं साडेचारला बंद. शाळकरी मुलं, म्हणजे जपानी माध्यमिक शाळेपर्यंतची, फुकट.

आत फोटो काढता येतात?

दालनांमध्ये नाही. बागेत येतात. "फ्लॅश न टाकता एकच" हेही नाही.

जपानी येत नाही, काही कळेल का?

पाट्यांवर इंग्रजीही असतं, पण थोडक्यात. मला विचाराल तर सगळ्या पाट्या वाचत सुटू नका. खालच्या मजल्यावर तीन दालनं, वर तीन. (जपानी 'पहिला मजला' म्हणजे आपला तळमजला, लिफ्टमध्ये गोंधळ होतो.) एकेका दालनात दोन वस्तू निवडा आणि त्यांच्यासमोर उभे राहा. जपानी आजी-आजोबा छोटी एकनळी दुर्बीण घेऊन येतात आणि काचेपलीकडचं एकेक टोक न्याहाळतात. त्यांच्याकडे बघून बघायचं कसं ते शिकता येतं.

आपल्या ओळखीचं काही असतं का? की सगळंच परकं?

भरपूर असतं, फक्त नावं बदललेली असतात. बौद्ध धर्माबरोबर आपले देव चीनमार्गे जपानात गेले. सरस्वती झाली बेंझाइतेन, यम झाला एन्मा, ब्रह्मदेव बोन्तेन, इंद्र ताइशाकुतेन. नेझूच्या संग्रहात जोकेइ नावाच्या शिल्पकारानं १२०१ साली घडवलेला लाकडी ताइशाकुतेन आहे. तो मुळात नाराच्या कोफुकु-जी देवळातला. त्याच्या जोडीचा ब्रह्मदेव अजून त्या देवळातच आहे. वर सांगितलेल्या १८६८ नंतरच्या धामधुमीनं दोघांची ताटातूट झाली. मूर्ती मांडलेली असेल तर जरूर बघा. ऐरावत नाही, हजार डोळे नाहीत, तरी इंद्रच.

नाची धबधब्याचं चित्र हा आणखी एक राष्ट्रीय ठेवा, तेराव्या-चौदाव्या शतकातला. उभ्या रेशमावर वरून खालपर्यंत पांढरी धार, वर डोंगराआडून डोकावणारा बिंबाचा तुकडा, खाली देवळाचं छप्पर. हे निसर्गचित्र नाही, पूजेचं चित्र आहे. धबधबा म्हणजेच देव. माझ्याबरोबर आलेल्या एका पर्यटकाला हे समजावून सांगताना गाइडची दहा मिनिटं गेली. आमच्या देवगडच्या मावशीला एका वाक्यात कळलं. तिच्या गावच्या देवराईत मूर्ती कुठं आहे?

आणि माझी सर्वात आवडती ओळख कापडातली. चहाच्या वस्तू जपायला रेशमी किंवा सुती पिशव्या असतात, आणि त्यांच्यासाठी भारतातून आलेलं छापील सुती कापड चहावाल्यांनी जिवापाड जपलं. त्याला ते 'सारासा' म्हणतात. मद्रासजवळच्या सेंट थोमेवरून पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाला 'सान्तोमे' नाव पडलं. आणि 'चाउ-जिमा' नावाचं एक तलम रेशमी कापड पोर्तुगीजांनी आणलं, त्याच्या हाकामा (किमोनोवर घालायचे घेरदार पायजमे) शिवत. पुढं क्योटोतल्या विणकरांनीही ते विणायला घेतलं. यातलं 'चाउ' म्हणजे आपलं चौल. रेवदंड्याच्या शेजारचं, नारळी-पोफळीतलं, आज अलिबागहून रिक्षानं जाता येतं ते चौल. चहाच्या दालनात पिशव्या मांडलेल्या असल्या की मी पाहुण्यांना आधी हे सांगते, मग ते काचेला नाक लावतात.

जपानी संग्रहालयात चीनचं एवढं कसं?

जपानी माणसाच्या दृष्टीनं कित्येक शतकं 'अभिजात' म्हणजे चिनीच होतं, आपल्याकडे जसं संस्कृत. तेराव्या शतकातल्या मुची या चिनी भिक्षूनं काढलेली चित्रांची लांबलचक गुंडाळी शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) आशिकागा योशिमित्सुकडे आली. भिंतीवर टांगता यावीत म्हणून तिचे तुकडे करून एकेक देखावा वेगळा मढवला. त्यातला 'कोळ्यांच्या वाडीतली संध्याकाळ' हा तुकडा नेझूत आहे, कोपऱ्यात शोगुनच्या शिक्क्यासकट. आज कुणी असं चित्र कापलं तर तुरुंगात जाईल!

वरच्या मजल्यावर ब्राँझचं दालन आहे. ते चुकवू नका, बहुतेक लोक घाईत चुकवतात. तिथली तीन चौकोनी भांडी शांग राजवटीची आहेत, तीन हजार वर्षांहून जुनी, प्रत्येकी सुमारे ७० सेंटीमीटर उंच. पाय असलेली, तोटीची, मद्य ओतायची. अंगावर सगळीकडे वटारलेल्या डोळ्यांचा मुखवटा. तिन्हींवर एकेक अक्षर कोरलंय: डावं, मधलं, उजवं. म्हणजे पूजेत कुठं मांडायचं हे ठरलेलं होतं. आणि दोन मेंढे पाठीला पाठ लावून भांडं तोलून धरतात, ते भांडंही इथलंच. त्याचा भाऊ लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. २०१५ साली तो पाहुणा म्हणून नेझूत येऊन गेला.

आपल्याकडची मूर्ती मेणाच्या साच्यातून ओततात. ही भांडी तशी नाहीत. मातीच्या साच्याचे तुकडे जोडून, त्यांच्या फटीत धातू ओतलाय. कडांवर उभे कंगोरे दिसतात तिथं बहुधा साच्याचे सांधे आले. शिवण लपवण्यापेक्षा तिचीच नक्षी केली. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात दायमाबादचे ब्राँझचे प्राणी पाहिले असतील तर मनातल्या मनात शेजारी ठेवून बघा.

चहाच्या फुटक्या वाडग्यांत बघण्यासारखं काय आहे?

हा प्रश्न आमच्या सासूबाईंचा. फुटलेलं भांडं घरात ठेवू नये हे त्यांनी आम्हाला बजावून सांगितलेलं. इथं काचेत, खास दिव्याखाली, फुटून सोन्यानं जोडलेला वाडगा! त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लपवता आलं असतं की गं यांना."

आलं असतं. उरुशी झाडाच्या चिकानं तुकडे सांधायचे, चीक वाळायला दमट हवेत आठवडेच्या आठवडे ठेवायचं आणि सांध्यावर सोन्याची पूड भुरभुरायची. भांडं फुटलं ही त्याच्या आयुष्यातली घटना, ती पुसायची कशाला, असा तो विचार.

इदो नावाचे वाडगे असले तर त्यांच्यावर वेळ घालवा. हे कोरियात साध्या वापरासाठी झाले असं मानतात. मातकट पिवळे, थोडे वेडेवाकडे. सोळाव्या शतकातल्या जपानी चहावाल्यांची त्यांच्यावर नजर गेली आणि त्यांची किंमत गढ्यांच्या तोडीची झाली. वाडग्याचा खालचा भाग बघायचा, तळाच्या कड्यापाशी झिलई गोळा होऊन तिचे मण्यासारखे थेंब झालेले असतात. वाडग्यांना स्वतःची नावं असतात, लाकडी पेट्या असतात आणि पेटीवर कुणाकुणाकडून तो गेला त्याच्या नोंदी. आपल्याकडे तंबोऱ्याची, तलवारीची अशी वंशावळ सांगतात, इथं भाताच्या वाडग्याची.

सहावं दालन चहाचं आहे आणि ते ऋतूप्रमाणे मांडतात. हिवाळ्यात खोल वाडगा, चहा निवू नये म्हणून. उन्हाळ्यात पसरट, उथळ. ताटातला पदार्थ बघून कोणता सण ते ओळखता येतं, तसं सवयीनं वाडग्यावरून महिना ओळखता येऊ लागतो. मला अजून नीट येत नाही.

इमारतीचं कौतुक ऐकलं होतं, ते खरं का?

खरं आहे. जुनी जागा पाडून साडेतीन वर्षं बंद ठेवून २००९ मध्ये केंगो कुमा यांनी रचलेली ही इमारत उघडली. टोक्यो ऑलिंपिकचं मुख्य स्टेडियमही त्यांचंच. दार थेट रस्त्यावर नाही. लांब वळचणीखालून चालत जायचं, एका बाजूला जिवंत बांबूंची भिंत, दुसऱ्या बाजूला इमारतीच्या भिंतीवर कापलेले बांबू, पायाशी काळे गोटे. त्या पन्नासेक पावलांत दुकानं आणि मोटारींचा आवाज मागं पडतो. या वाटेवर फोनवर बोलत चालू नका, एवढी माझी विनंती.

बाग वेगळी बघावी लागते का?

त्याच तिकिटात. आणि पाऊस थांबल्या थांबल्या गेलात तर आधी बाग. उतारावरची, दाट झाडीची, मधे तळी, चहाच्या चार झोपड्या, दगडी दिवे, शेवाळलेले बुद्ध. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलं असेल तर ते ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवरचं, मोकळ्या हिरवळीचं. ही त्याच्या उलट, इथं दहा पावलांपुढचं दिसत नाही. एप्रिलअखेर-मेच्या सुरुवातीला तळ्यात खरी काकित्सुबाता फुलतात. आत कोरिनची, बाहेर चिखलातली. बहुतेक जण आधी आत जातात. मी उलट करते, खरं फूल बघून मग पडदा. मग त्यानं काय काय गाळलं ते कळतं.

आईच्या गुडघ्यांना झेपेल?

दालनं झेपतील, लिफ्ट आहे, बसायला बाकडी आहेत. बाग अवघड आहे. चढउतार, दगडी पायऱ्या, पावसात निसरडं. साडी आणि सपाट चपला असतील तर वरच्या वाटेवरूनच थोडी बघा. बाळाची ढकलगाडी बागेत नको.

मुलं कंटाळतील का?

आठ वर्षांखालची, हो. त्यांना दोन मेंढ्यांचं भांडं शोधायला लावा आणि मग बागेत न्या. कासवं आणि मासे दिसेपर्यंत तरी सुटका होते.

शाकाहारी खायला मिळतं का?

बागेत तीन बाजूंनी काचेचं कॅफे आहे, जागा सुंदर, दुपारी रांग. कॉफी-केक निर्धास्त घ्या. जेवणाचं मात्र विचारून, कारण जपानी सुप-सॉसमध्ये माशाचा अर्क कुठं लपलेला असेल सांगता येत नाही. "मासे नाहीत ना?" असं विचारलं तर "मासे नाहीत" असं खरं उत्तर मिळतं आणि अर्क तरीही असतो. 'दाशी' हा शब्द वापरून विचारा. बागेत बसून ठेपले उघडायचा बेत करू नका. ओमोतेसांदो स्टेशनच्या आसपास पोटभर सोय होते.

किती वेळ लागतो?

बागेसकट दोन-अडीच तास. "अर्ध्या तासात उरकू" म्हणणाऱ्यांनी शिबुयालाच थांबावं.

हे आवडलं तर पुढं कुठं?

उएनोचं तोक्यो राष्ट्रीय संग्रहालय, १८७२ पासूनचं आणि प्रचंड. तिथं आशियासाठी वेगळी इमारत आहे, गांधार शैलीचे बुद्धही भेटतील. पण तिथं दमायला होतं, नेझू आधी करा. मारुनोउचीतलं सेइकादो लहान आहे आणि काळ्या झिलईत तारे चमकावेत तसा एक चिनी वाडगा तिथला अभिमान आहे. तोही कायम मांडलेला नसतो, वेळापत्रक बघा. आणि परत गेल्यावर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी-जपानी वस्तूंचं दालन बघा. मी लहानपणी शाळेच्या सहलीत तिथून धावत गेले होते, ममी बघायच्या घाईत.

पिशव्या, छत्री, पेन?

पिशव्या नाण्याच्या लॉकरमध्ये, शंभर येनचं नाणं परत मिळतं, ते घ्यायला विसरू नका. छत्री दाराशी कुलपाच्या स्टँडमध्ये. किल्लीचा नंबर लक्षात ठेवा, तिथं सगळ्यांच्या छत्र्या पारदर्शक आणि सारख्याच असतात. टिपणं घ्यायची तर पेन्सिलनं. नसेल तर माझ्याकडे आहे, मागा.